सांगे पालिका: दहा प्रभागांची हद्द, अख्ख्या तालुक्याचा भार

सांगे कायद्याने शहर आहे. तिथे नगरपालिका आहे, दहा प्रभाग आहेत, नगराध्यक्ष आहे, मुख्याधिकारी आहे. २०११ च्या जनगणनेत पालिका हद्दीतली लोकवस्ती साडेसहा हजारांच्या आसपास भरली. त्याच जनगणनेत बार्देश तालुक्यातल्या कळंगुटची लोकसंख्या तेरा हजारांच्या वर होती, आणि कळंगुटचा कारभार ग्रामपंचायत पाहते. गोव्यात दुपटीने मोठी वस्ती गाव ठरते आणि तिच्या निम्मी वस्ती शहर. यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही, ही रचना इतिहासातून आलेली आहे. पण तिची झळ सांग्याच्या रहिवाशाला रोज बसते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

सांगे हा गोव्याच्या पूर्वेचा, सह्याद्रीला टेकलेला तालुका. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हैदरअलीच्या स्वारीनंतर, सोंद्याच्या राजाचा जो मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, त्यातलाच हा भाग. गोव्यात या सगळ्या प्रदेशाला नव्या काबिजादी म्हणतात. सासष्टी-बार्देशासारख्या जुन्या काबिजादींमध्ये दाट वस्तीचे, चर्च आणि कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) यांच्याभोवती बांधलेले मोठे गाव तयार झाले. इथे तसे झाले नाही. डोंगर, रान, कुळागरे (पोफळी-माडांच्या बागा), नदीकाठचे शेत आणि मैलामैलावर विखुरलेले वाडे, अशी इथली मांडणी. अशा मुलखात राज्यकर्त्याला एखादे ठाणे लागते. कचेरी, पोलीस, तुरुंग, बाजार जिथे बसला ते सांगे. गोवा मुक्त झाल्यावर १९६८ चा नगरपालिका कायदा आला आणि तालुक्याच्या ठाण्यांना पालिका मिळाल्या. सांगे, केपे, काणकोण, पेडणे, वाळपई या सगळ्यांची गोष्ट कमीअधिक फरकाने हीच आहे. लोकसंख्या पाहून या पालिका झाल्या नाहीत, ठाणे होते म्हणून झाल्या.

धारबांदोडा तालुका वेगळा होईपर्यंत सांगे हा विस्ताराने गोव्यातला सर्वांत मोठा तालुका होता. मोल्याचे अभयारण्य त्या वाटणीत पलीकडे गेले. तरी उरलेला मुलूख लहान नाही. नेत्रावळी, भाटी, रिवण, उगे, काले, कुर्डी, सावर्डे या पंचायतींचा पसारा घाटमाथ्यापर्यंत जातो. वेर्ले, साळगिणी, तुडव ही गावे तर डोंगराच्या अगदी वरच्या अंगाला आहेत. पाऊस इथे इतका पडतो की काही वर्षी दीडशे इंचांचा आकडा ओलांडतो. वाळपई आणि सांगे यांच्यात पहिला नंबर कुणाचा, याची बातमी वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात येते.

जमीन कुणाच्या हातात

या प्रकरणाचे मर्म जमिनीत आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर साळावली धरण आहे. साळावली ही जुवारीची उपनदी. धरणाची उंची ४२.७ मीटर, लांबी एक किलोमीटरच्या किंचित वर, आणि मागे पसरलेला जलाशय सुमारे २४ चौरस किलोमीटरचा. बदकाच्या चोचीच्या आकाराच्या सांडव्यावरून जुलैत पाणी कोसळू लागले की पर्यटकांची रीघ लागते. शेळप्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाची मूळ क्षमता दिवसाला १६० दशलक्ष लिटर होती, पुढे ती वाढवावी लागली. मडगाव, वास्को, केपे, सासष्टीचे किनारी गाव, तिथली हॉटेले, वेर्ण्याचे कारखाने, या सगळ्यांची तहान या पाण्यावर भागते. दक्षिण गोव्याची वाढ साळावलीने शक्य केली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

त्या पाण्याखाली कुर्डी आणि आजूबाजूची गावे गेली. सहाशेहून अधिक कुटुंबे उठली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. तिथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड न् दगड उतरवून सुमारे १७ किलोमीटरवर नेऊन पुन्हा उभे केले गेले. मे महिन्यात पाणी ओसरले की जुने कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. त्यांचे पुनर्वसन वाडे आणि वालकिणी या दोन ठिकाणी झाले. धरणासाठी घर सोडणाऱ्या या वसाहतींनी पुढे उन्हाळ्यात कोरड्या विहिरी पाहिल्या आणि टँकरची वाट पाहिली. मडगावच्या नळाला ज्यांच्या अंगणातले पाणी येते, त्यांनाच टँकर लागावा, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

जलाशयाच्या पलीकडे नेत्रावळीचे अभयारण्य. क्षेत्रफळ २११ चौरस किलोमीटर. १९९९ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जेकब यांच्या काळात म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये घोषित झाली. जंगल टिकले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साळावलीला बारमाही पाणी मिळते ते याच रानामुळे. पण अभयारण्याच्या आत वर्षानुवर्षे राहणाऱ्या वेळीप, गावडा आणि धनगर कुटुंबांचे वनहक्काचे दावे रेंगाळत राहिले. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तरी कसत्या जमिनीचा कागद त्याबरोबर आला नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा या गावांत पुन्हा धास्ती पसरली. कागद नसलेल्या माणसाला प्रत्येक नवी अधिसूचना बेघर करणारी वाटते. ती भीती घालवायची तर आधी दावे निकाली काढावे लागतील.

तिसरा भाग खाणींचा. रिवण, कोळंब या पट्ट्यात खनिज आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये अटींवर परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून पुन्हा सगळे बंद. ट्रक, गॅरेज, टायरची दुकाने, चहाचे गाडे, भाड्याच्या खोल्या, सगळ्यांवर एकदम गदा आली. त्यातच धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याने २०१९-२० च्या सुमारास गाळप थांबवले, आणि साळावलीच्या कालव्यावर ऊस लावणारा शेतकरीही अडचणीत आला.

आता या सगळ्यावर अधिकार कुणाचा ते पाहा. जलाशय जलस्रोत खात्याचा, अभयारण्य वन खात्याचे, खनिज खाण खात्याचे. उरलेल्या जमिनीवर काय बांधायचे हे नगरनियोजन खाते ठरवते. पालिकेच्या वाट्याला येते ती नदी आणि रस्ता यांच्या आजूबाजूची वस्ती. तिच्या हातातली साधने म्हणजे घरपट्टी, व्यापार परवान्याचे शुल्क, बाजारात बसणाऱ्यांकडून घेतला जाणारा सोपो, पालिकेच्या गाळ्यांचे भाडे. जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात सरकार अनुदान देते. बाकी सगळे योजनांमधून, म्हणजे पणजीच्या मर्जीवर. ‘क’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या, पालिकेची ही कमाई मुळातच आखूड आहे, आणि खाणी बंद झाल्या की ती आणखी आक्रसते, कारण तिचा सगळा भार दुकानांवर आहे.

शहर वापरणारे आणि शहराला पट्टी देणारे

सांग्याच्या बाजारात सकाळी आलेली माणसे पाहिली तर त्यांतली बरीचशी पालिका हद्दीबाहेरची असतात. नेत्रावळीचा माणूस मामलेदार कचेरीत तारखेला येतो. भाटीची बाई नाचणी, मिरची, सुपारी घेऊन विकायला येते. वाड्याहून कुणी बँकेत येतो, कुणी आरोग्य केंद्रात. हे सगळे बसस्थानक वापरतात, शौचालय वापरतात, रस्ता वापरतात, आणि त्यांच्यामागे जो कचरा उरतो तो पालिकेचा कामगार उचलतो. यात गावकऱ्यांचा काडीचा दोष नाही, तालुक्याचे ठाणे यासाठीच असते. मात्र पालिकेचे उत्पन्न साडेसहा हजार माणसांच्या हिशेबाने ठरते आणि खर्च संपूर्ण तालुक्याच्या हिशेबाने होतो. या दोन आकड्यांमधली दरी भरण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. गोव्यात पालिका पाणी पुरवत नाही. ते काम राज्य सरकारच्या खात्याचे; वर्षानुवर्षे ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते. वीज वीज खात्याकडे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवता येण्यासारखे १८ विषय आहेत आणि पाणीपुरवठा त्यांतला एक. १९९३ पासून ही अनुसूची लागू आहे. तरीही ज्या शहराच्या वेशीवरून दक्षिण गोव्याचे पाणी निघते, त्या शहराच्या पालिकेला त्या पाण्यावर ठराव करून पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही. नगरसेवकाकडे नळाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला नगरसेवक सरकारी खात्याच्या अभियंत्याला फोन लावून देतो.

२०२१ चे आरक्षण

लहान पालिकेतले राजकारण म्हणजे क्षुल्लक भांडणे, असा समज पणजी-मडगावात आहे. तो सांग्याच्या निमित्ताने तपासून पाहण्यासारखा आहे. दहा प्रभागांत साडेसहा हजार माणसे, म्हणजे एका प्रभागात सरासरी साडेसहाशे, आणि मतदार त्याहून कमी. उमेदवार प्रत्येक घर ओळखतो. चारदोन कुटुंबांचा कल फिरला की निकाल फिरतो. म्हणून कुठला प्रभाग महिलांसाठी, कुठला इतर मागासवर्गीयांसाठी, कुठला अनुसूचित जमातीसाठी राखीव ठरतो, यावर निम्मी निवडणूक ठरते. आरक्षण ठरवणाऱ्याच्या हातात मतदानाआधीच मोठी सत्ता येते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातल्या पालिकांचे प्रभाग आरक्षण जाहीर झाले आणि त्याविरुद्ध अनेक याचिका उच्च न्यायालयात गेल्या. १ मार्च रोजी गोवा खंडपीठाने पाच पालिकांचे आरक्षण रद्द केले: मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे. महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा आणि आरक्षित प्रभागांची फिरती पद्धत, हे वादाचे मुद्दे होते. दहा जागांच्या सभागृहात हे गणित फार बारीक होते. तीन जागा दिल्या तर त्या एकतृतीयांशापेक्षा कमी भरतात, आणि कायदा ‘किमान एकतृतीयांश’ म्हणतो, म्हणजे चार द्याव्या लागतात. मोठ्या महापालिकेत एक जागा इकडे-तिकडे झाली तर फारसे कळत नाही. सांग्यात ती एक जागा म्हणजे सभागृहाचा दहावा हिस्सा.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मार्च २०२१ रोजी निकाल आला आणि तो गोव्यापुरता राहिला नाही. राज्याचे कायदा सचिवच राज्य निवडणूक आयुक्त म्हणूनही काम पाहत होते. सरकारच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीकडे निवडणूक आयुक्तपदाचा कार्यभार देणे संविधानाची थट्टा आहे, अशा कडक शब्दांत न्यायालयाने ते नाकारले आणि हे पद स्वतंत्र असले पाहिजे, असे सगळ्या राज्यांना बजावले. पाच पालिकांचे आरक्षण नव्याने काढून एप्रिलअखेर निवडणुका पूर्ण करा, असाही आदेश झाला. २३ एप्रिलला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, सांग्याने मतदान केले. देशभरच्या निवडणूक आयुक्तांना लागू झालेला नियम ज्या पाच पालिकांच्या प्रकरणातून आला, त्यांत सांगे आणि केपे ही दोन लहान गावे होती. इथल्या नागरिकाने याचा अभिमान बाळगावा.

निवडणूक नीट झाली पाहिजे, यासाठी एवढी झुंज झाली. पण निवडून आलेल्या सभागृहाच्या हातात काय असते, हा प्रश्न त्यानंतर कुणी तितक्या जोराने विचारला नाही.

ग्रामसभा आणि तिचा अभाव

सांग्याच्या शेजारच्या गावांना एक हक्क आहे जो सांग्याला नाही. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्यानुसार नेत्रावळीचा किंवा रिवणचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. रविवारी सभा भरते, लोक उभे राहून सचिवाला हिशेब विचारतात, डोंगर कापण्याला विरोध करतात, ठराव लिहून घ्यायला लावतात. ग्रामसभेचे ठराव सरकार नेहमीच मानते असे नाही, पण ते नोंदवहीत राहतात आणि न्यायालयात उपयोगी पडतात. गोव्याच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या जमिनीच्या बहुतेक चळवळी ग्रामसभेतून उभ्या राहिल्या.

पालिका हद्दीत यातले काही नाही. शहरांसाठी संविधानात प्रभाग समितीची तरतूद आहे, पण ती तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या पालिकांना बंधनकारक आहे. गोव्यातली एकही पालिका तिथवर पोहोचत नाही. त्यामुळे सांग्याचा मतदार पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि मधल्या काळात त्याला बोलण्याची कायदेशीर जागा नसते. कळंगुटच्या माणसाला ती आहे, नेत्रावळीच्या माणसाला आहे, दोघांच्या मधल्या सांगेकराला नाही. शहर म्हणून मिळणारे अधिकार नाहीत आणि गाव म्हणून असलेली सभाही नाही. या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटते ती ही गोष्ट.

तिचा परिणाम २०२२ मध्ये दिसला. काणकोणातल्या लोलये आणि सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत लोकांच्या विरोधानंतर आयआयटीचा प्रकल्प सांगे परिसरात आणायचे ठरले. ज्यांच्या शेतजमिनी जाणार होत्या ते रस्त्यावर उतरले, पोलीस बंदोबस्त लागला, आणि पुढे ती जागाही बारगळली. प्रकल्प चांगला की वाईट, यावर गावात दोन मते होती आणि असणारच. पण ती मते सनदशीर मार्गाने एका सभागृहात ऐकून घेण्याची सोय असती तर शेतकऱ्याला पोलिसांसमोर उभे राहावे लागले नसते.

काय करता येईल

पहिला उपाय नेहमी सुचवला जातो तो हद्दवाढीचा. उगे, वाड्याच्या काही वस्त्या पालिकेत घ्या, लोकसंख्या वाढेल, घरपट्टी वाढेल, वर्ग बदलेल. मी या उपायाच्या विरोधात आहे. कागदावर पालिका मोठी होईल, पण त्या वस्त्यांची ग्रामसभा जाईल, आणि बदल्यात त्यांना काय मिळेल? नळ सरकारी खात्याकडे, दिवा वीज खात्याकडे, जमीन नगरनियोजनाकडे, सगळे आहे तिथेच राहील. धरणासाठी एकदा गाव गमावलेल्या कुर्डीकरांना दुसऱ्यांदा आपली सभा गमवायला सांगणे तर अन्यायाचे होईल. पालिका मोडून पुन्हा पंचायत करणे हा उलटा मार्गही बरा नाही. तालुक्याच्या ठाण्याला बाजार, बसस्थानक, सांडपाणी सांभाळणारी कायम यंत्रणा लागतेच.

पैशाचा मार्ग मला पाण्यातून दिसतो. खनिजाबाबत देशाने एक तत्त्व मान्य केले आहे: २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणग्रस्त जिल्ह्यात जिल्हा खनिज निधी आहे. खाणमालक रॉयल्टीवर ठराविक टक्के रक्कम त्यात भरतो आणि ती खाणग्रस्त भागावर खर्च व्हायची असते. त्या निधीचा खर्च कसा झाला, यावर टीका पुष्कळ होते, ती योग्यही आहे. पण तत्त्व बरोबर आहे. ज्या मुलखातून संपत्ती निघते त्याचा तिच्यात वाटा असला पाहिजे. साळावलीच्या पाण्याला हेच का लागू नसावे? शेळप्याहून निघणाऱ्या पाण्याच्या बिलात दर हजार लिटरमागे काही पैसे धरणाच्या आणि पाणलोटाच्या स्थानिक संस्थांसाठी ठेवले तर घरगुती ग्राहकाला ते जाणवणारही नाहीत. हॉटेले आणि कारखान्यांकडून थोडे अधिक घ्यावे. त्यात सांगे पालिकेइतकाच हक्क नेत्रावळी, भाटी आणि कुर्डी पंचायतींचा. जंगल राखल्यामुळे ज्यांना बांधता येत नाही, कसता येत नाही, त्यांना त्या राखण्याचा मोबदला मिळेल, आणि वालकिणीच्या विहिरींची डागडुजी टँकरवाल्याच्या भरवशावर राहणार नाही.

दुसरे काम पालिका आणि पंचायतींनी मिळून करायचे आहे. संविधानात जिल्हा नियोजन समितीची तरतूद आहे, जिच्यात पंचायती आणि पालिका एकत्र बसून आराखडे जुळवतात. जिल्हा पातळीवर सासष्टी आणि मुरगावच्या गर्दीत सांगे हरवते. तालुक्यापुरती अशी बैठक असावी, जिथे बाजाराचा कचरा, बसच्या वेळा, आठवडी बाजाराची जागा, जत्रेच्या दिवसांतली वाहतूक, धरणावर येणाऱ्या पर्यटकांची पार्किंगची सोय, हे विषय पालिका आणि पंचायती समोरासमोर ठरवतील आणि खर्च वाटून घेतील. आज हे सगळे आमदाराच्या कार्यालयातून सुटते किंवा अडते. आमदाराचा हेतू चांगला असला तरी अशा कामांची नोंद राहत नाही.

प्रभागसभेसाठी मात्र विधानसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. पालिकेने ठराव करून वर्षातून दोनदा, पंचायतींप्रमाणेच रविवारी, प्रत्येक प्रभागात मतदारांची उघडी सभा घ्यावी. त्या सभेत प्रभागातल्या कामांचा हिशेब वाचावा, सूचना लिहून घ्याव्यात आणि त्या पालिकेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. सहा-सातशे माणसांच्या प्रभागात देवळाचा मंडप किंवा शाळेचा वर्ग त्यासाठी पुरतो. पहिल्या सभेत तीन विषय नक्की निघतील: नळाला पाणी किती वाजता येते, बाजारातला सोपो कुठे खर्च होतो, आणि प्रभागाचे आरक्षण पुढच्या खेपेस कुठल्या क्रमाने फिरणार. या तिसऱ्या विषयाचे उत्तर मतदारांना निवडणुकीच्या आदल्या महिन्यात कळण्याऐवजी चार वर्षे आधी कळले, तर २०२१ सारखी न्यायालयाची वारी सांग्याला पुन्हा करावी लागणार नाही.